दहा हातांचा पट्टा

माघ उतरणीला लागला की लवूला आपलं वय आठवायचं. एरवी त्रेसष्ट हा नुसता आकडा होता. पण सड्यावरचं गवत पिवळं पडून वाऱ्यावर वाजायला लागलं, की ते त्रेसष्ट त्याच्या गुडघ्यांत उतरायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचे. पट्टा काढायचे दिवस जवळ आलेले असायचे ना!

वरच्या वाडीत घरं अकरा, आणि अकराही घरांच्या डोक्यावर सडा. पावसाळ्यात त्या कातळावर हिरवळ अशी माजते की पाहुण्याने बघत बसावं. पण शिमग्याच्या सुमाराला पाहुण्याला तिकडे पाठवू नये. गुडघाभर वाळलेलं गवत, वर समुद्राकडून दुपारी सुटणारा वारा, आणि खाली उतारावर अकरा घरांच्या काजू-आंब्याच्या बागा. एक विडीचं थोटूक पुरे. जिल्हा वेगळा होऊन पाच वर्षं झाली होती, पत्त्यात सिंधुदुर्ग लिहायची सवयही लागत आली होती, पण आग विझवायचा बंब वाडीने अजून चित्रातच पाहिला होता. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात, वाडीच्या नशिबी सोमेश्वरीसुद्धा बंब नव्हता. होता तो जाळपट्टा.

पट्टा म्हणजे सडा आणि बागा यांच्यामध्ये दहा हात रुंद जमीन अशी खरवडून ठेवायची की तिच्यावर काडी म्हणून दिसता कामा नये. गवत विळ्याने कापायचं, पातेरा, म्हणजे वाळका पाला, खराट्याने लोटायचा, तो हाऱ्यांत भरून खालच्या कुणग्यात, भाताच्या वाफ्यात, भाजावळीसाठी न्यायचा. प्रत्येक घराला आपापला तुकडा, तुकड्याच्या दोन्ही टोकांना चिऱ्याची खूण. सगळ्यांचं झाडून झालं की लवूने दहा हातांची बांबूची काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी टाकत जायचं आणि कमी भरलं तिथे तोंड सोडायचं. एकतीस वर्षं तो हे काम करत होता. कोणी नेमलं नव्हतं. वडील करत होते म्हणून तो करत होता, आणि त्याच्यानंतर कोण करणार, हा प्रश्न वाडीने सोयीस्करपणे देवावर सोडला होता.

एके काळी पट्ट्याला पस्तीस माणसं लागायची आणि दुपारी मिळून पेज जेवायची. आता तरणे हात पोटामागे गेलेले, उरल्या बायका आणि लवूसारखी खोडं. कामचुकारांची तऱ्हा तर विचारू नका. महादू आपल्या तुकड्यातला पातेरा शेजाऱ्याच्या तुकड्यात ढकलायचा आणि वर विचारायचा, "लवूदादा, आता बरो दिसता मां?" दरवर्षी पट्टा झाला की लवू बायकोला, लक्ष्मीला, सांगायचा, "ह्या वर्साक शेवटचा." ती हूं म्हणायची. एकतीसातली निदान दहा वर्षं ती तशी हूं म्हणत आली होती.

लवूच्या बागेला लागून मथुरेची बाग. मथुरा म्हणजे लवूच्या चुलतभावाची, शंकरची बायको. शंकर गेला त्याला सहा वर्षं झाली. जाण्याच्या आदल्या वर्षी त्याने बत्तीस काजू लावले होते, आणि त्यांना जगवलं मथुरेने. तीन उन्हाळे खालच्या विहिरीवरून डोक्यावर घागर आणून ओंजळ-ओंजळ पाणी घातलं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, हिला पोर नाही म्हणून काजूंचे लाड करते. मथुरा हसायची नाही आणि रागवायचीही नाही. तिला घागर भरायची असायची.

त्या वर्षी, सातव्या वर्षी, काजू पहिल्यांदा भरभरून धरणार होते. मार्गशीर्षात लालसर पालवी फुटली आणि आठ दिवसांत शेंडे काळे पडून वळले. ढेकण्या. डासासारखा दिसणारा तो किडा कोवळ्या शेंड्याचा रस शोषतो, आणि त्याची सोंड लागली की शेंडा संपला, मोहोर संपला, वर्ष संपलं. शेतकीवाला पंप घेऊन आला होता, पण त्याचं औषध मारलं की मोहोरावरच्या माश्याही मरतात हे लवूने शेजारच्या गावात बघितलेलं. त्याचा भरवसा हुमल्यांवर.

हुमले म्हणजे झाडावर पानं शिवून घरटं करणारे तांबडे मुंगळे. चावले की माणूस आईला हाक मारतो. पण ज्या काजूवर हुमल्यांची वस्ती, त्या काजूवर ढेकण्या टिकत नाही. लवूच्या घराण्याचा एक जुना काजू पट्ट्याच्या पलीकडे, सड्याच्या कडेला एकटाच उभा होता. बिया म्हणाल तर नावाला, पण हुमल्यांची घरटी चाळीसेक. त्याच्यापासून पट्ट्याच्या जागेवरून आडवा लवूने काथ्याचा सुंभ बांधला, थेट मथुरेच्या पहिल्या काजूपर्यंत, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. मग तिच्या एका झाडावरून दुसऱ्या झाडावर. हुमल्यांना जमिनीवरून जायला नको, सुंभावरून नीट रांगेने जातात. बांधताना त्याच्या मानेवर नि दंडावर इतके चावे बसले की दोन दिवस कुशीवर वळता येईना. पण पंधरवड्यात मथुरेच्या झाडांवर नव्या पानांची घरटी दिसायला लागली, आणि पुसाच्या शेवटी दुसरी पालवी आली ती निरोगी.

मथुरा एक भोपळा घेऊन आली आणि लक्ष्मीच्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "भावोजींका सांग, मोहोर इलो." एवढंच. पण लवूला त्या दिवशी फार बरं वाटलं. म्हातारपणी आपला कोणाला उपयोग होतो, याच्यापरतं औषध नाही.

पट्टा झाडायचा दिवस उजाडला तो उकाड्याचा. लवूला आदल्या दिवसापासून कणकण होती. तरी काठी घेऊन तो निघाला. महादूच्या तुकड्यात भांडण झालं. पुढच्या तुकड्यात शिवा, हा त्यातल्या त्यात तरणा, पातेरा न उचलताच विडी ओढत बसलेला, त्याच्यावर ओरडून झालं. मथुरेच्या तुकड्यापर्यंत पोचता पोचता दोन वाजले. ती एकटीच झाडत होती, सकाळपासून. काठी आडवी टाकायला लवूने ती उभी उचलली, आणि वरचं टोक कशाला तरी अडकलं.

सुंभ. पट्ट्यावरून आडवा, इकडच्या झाडापासून तिकडच्या झाडापर्यंत, काथ्या वाळून खडखडीत झालेला. त्याच्यावरून हुमले आपले ये-जा करत होते.

लवूने वर बघितलं. हे सोडायला हवं, हे त्याला त्या क्षणी कळलं. न कळायला तो काय महादू होता? खाली दहा हात काडी ठेवायची नाही आणि वर वाळला काथ्या टांगून ठेवायचा, याला काय म्हणावं! पण गाठ जुन्या काजूच्या वरच्या बेचक्यात होती. शिडी आणायची, चढायचं, पुन्हा ते चावे घ्यायचे. गुडघे नको म्हणाले. उद्या सोडू, असं तो मनात म्हणाला. आणि स्वतःवर आलेला राग कुठेतरी काढायचा म्हणून त्याने काठी टाकली, ती वीतभर उरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला, "मथुरा, दोन हात कमी आसा गो! अकरा घरां तुझ्या एकटेच्या आळसापायी जळतली!"

मथुरेने खराटा खाली ठेवला. "सकाळपासून झाडतंय, भावोजी."

"झाडून उपयोग काय? मोजूक व्हया."

तिने पुन्हा खराटा उचलला. सगळे घरी गेल्यावर दिवस बुडेपर्यंत ती पुन्हा झाडत होती, हे लक्ष्मीने पाणंदीतून येताना बघितलं. लवू मोजायला परत गेला नाही. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तिसऱ्या दिवशी उतरला, आणि सुंभ त्याच्या डोक्यातून पार गेला असं म्हणायला हरकत नव्हती. खरं तर गेला नव्हता. दोनदा आठवला होता आणि दोन्ही वेळा तो कूस बदलून पडला होता.

शिमगा होऊन अकराव्या दिवशी आग आली. कोणी लावली ते आजतागायत कळलेलं नाही. दुपारी बाराच्या सुमाराला शिवाने सड्यावर धूर बघितला आणि बोंब मारली. अकरा घरांतली माणसं हिरव्या डहाळ्यांचे टाळे तोडून धावली. वारा नेमका समुद्राकडून बागांकडे. आग गवतातून चालत नव्हती, पळत होती. पण पट्ट्यापाशी आली आणि तिला पुढे खायला काही मिळेना. माणसं धुरात डोळे मिटून टाळे बडवत होती, ठिणगी पडली की पायाने चिरडत होती. मथुरा आपल्या तुकड्यावर उभी होती, पदर खोचून, तोंड काळं झालेलं. दोन तासांनी ज्वाळा बसल्या. सड्याचा भला मोठा तुकडा काळा पडला, पण पट्ट्याच्या अलीकडचं पानही जळलं नाही. लवूला रडू फुटायचं बाकी होतं. एकतीस वर्षांचं सार्थक झालं असं वाटून तो सगळ्यांना म्हणाला, "चला, पाणी पिवया."

सगळे घरी गेले. पाणी प्याले, पेज प्याले, कोणी ओट्यावरच आडवे झाले. आणि तासाभराने मथुरेच्या बागेतून धूर वर आला.

या वेळी मध्ये पट्टा नव्हता. झाडांखाली पातेरा होता, जसा सगळ्यांच्याच बागेत असतो, आणि वारा अजून पडला नव्हता. लोक पोचेपर्यंत बत्तीसच्या बत्तीस काजू पेटलेले होते. बिया तडतडून फुटत होत्या, त्यांचं तेल भडकत होतं, त्याचा धूर घशाला झोंबत होता. बागेच्या खालच्या अंगाला महादूची गवताची उडवी होती, तीही गेली. लवूच्या बागेच्या अंगाला मात्र दगडी गडगा होता आणि वारा उलट होता, म्हणून तिथे आच पोचली नाही. मथुरा हातात टाळा घेऊन उभी होती, पण मारायला जागाच राहिली नव्हती. लक्ष्मीने तिला धरून खाली बसवलं.

महादू तिथेच ओरडला, "दोन हात कमी आसा म्हणान लवूदादान सांगला नाय तेव्हां? सगळ्यांनी आयकला! हिच्याच तुकड्यावरसून ठिणगी उडाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू पट्ट्यावर गेला. का गेला, ते त्याचं त्याला ठाऊक. जुना काजू सड्याच्या अंगाने करपला होता. बेचक्यात काळी कडी तेवढी राहिली होती, गाठीची. आणि तिथून खाली, झाडून लख्ख केलेल्या तांबड्या जमिनीवर, राखेची एक रेघ पडली होती. सरळ, पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, मथुरेच्या पहिल्या काजूच्या बुंध्याशी संपलेली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. लवूने ते डोळ्यांनी बघितलं. राखेत पीळ न् पीळ दिसत होता.

सगळं त्याच्या लक्षात आलं. झाडाच्या बुंध्याशी गवत पेटलं तेव्हा सुंभाने वरच्या वर आग धरली असणार, एका टोकाला तुटून तो पट्ट्यावर पडला असणार, आणि माणसं पाणी प्यायला गेल्यावर काथ्या आपल्या सवयीने धुमसत धुमसत पलीकडे सरकला असणार. दुकानदार विडी पेटवायला टांगून ठेवतो त्या काथ्यासारखा, ज्वाळा नाही, घाई नाही. पट्टा या जागी दहा नव्हे, चांगला बारा हात रुंद होता. मथुरेने त्या संध्याकाळी तो वाढवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते पाषाण म्हणजे आपण, हे लवूला त्या रेघेने सांगितलं.

आणि मग त्याने जे केलं, ते त्याने ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण केलं. उजव्या पायाने त्याने ती रेघ पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाय घासत घासत, नीट.

घरी आला तेव्हा लक्ष्मी तांदूळ निवडत होती. तिने त्याच्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"खंय गेल्लात?"

"सड्यार."

"काय बघलास?"

लवू भिंतीला टेकून बसला. सांगावं असं त्याला वाटलं, आणि सांगायलाही अंगात बळ नाही असंही वाटलं. शेवटी त्याने सगळं सांगितलं, काठी सुंभाला लागली होती तिथपासून पाय घासला तिथपर्यंत. लक्ष्मीने तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला.

"माका कित्याक सांगतास?" ती म्हणाली. "जळल्यो त्यो माझ्यो काजी नाय."

त्या दोन दिवसांत वाडीने मथुरेचा निकाल लावून टाकला. वाडीची रीत अशी की ज्याच्या तुकड्यावरून आग आत येईल, त्याने ग्रामदेव गांगोच्या देवळात चूक कबूल केल्याचा नारळ ठेवायचा, आणि पुढे तीन वर्षं त्याला पट्ट्यात तुकडा नाही. ऐकायला ही सूट वाटेल. पण पट्ट्यात तुकडा नाही म्हणजे वाडीच्या कोणत्याच कामात नाव नाही. कोणी हाक मारत नाही, कोणाला हाक मारता येत नाही. एकट्या बाईने अशी तीन वर्षं काढायची म्हणजे काय, ते ज्याने काढली त्याने सांगावं. महादू सांगायला गेला तेव्हा मथुरा दारातूनच म्हणाली, "नारळ ठेवचंय नाय. माझो पट्टो बारा हात होतो. जावन मोजा." महादू म्हणाला, "आता मोजून काय? लवूदादान मोजल्यान तो खरो." लवूदादाच्या शब्दाला एवढी किंमत होती. हे ऐकून लवूला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गांगोच्या देवळात अकराही घरं जमली. पुरुष आत, बायका पायरीखाली. पट्ट्याचं गाऱ्हाणं नेहमी लवूच घालायचा. गाऱ्हाणं घालणाऱ्याने हातात नारळ घेऊन देवापुढे एकेक वाक्य म्हणायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, नारळ ठेवायचा नाही, हात खाली घ्यायचे नाहीत. बायका त्यात बोलत नाहीत. मथुरा पायरीच्या कडेला बसली होती, नारळाशिवाय.

लवूने नारळ कपाळाच्या उंचीला धरला. आवाज नेहमीसारखा लागला, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"बा देवा गांगेश्वरा म्हाराजा! तुझी अकरा घरां आज तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"सड्यार आग इली, ती तुझ्या लेकरांनी पट्ट्यार अडवल्यानी!"

"व्हय म्हाराजा!"

"पण मागसून मथुरेच्यो काजी जळल्यो, महादूची उडवी गेली!"

"व्हय म्हाराजा!"

"ती मथुरेची चूक नाय म्हाराजा. आग माझ्या सुंभावरसून गेली."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका दमात म्हणाले, सवयीने, आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. कसला सुंभ? कुठे आहे सुंभ? कोणी बघितला? महादूच्या डोळ्यांत तर पाणी आलं. तो देवळाच्या खांबाला हात लावून म्हणाला, "बघा रे, हेका म्हणतत मोठो माणूस. एकटी बायल माणूस म्हणान तिची चूक आपल्या अंगार घेतल्यान!" शिवाने मान डोलवली. दोन-तीन म्हाताऱ्यांनी लवूकडे असं बघितलं की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. उभ्या आयुष्यात इतका मान त्याला कधी मिळाला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

पायरीवरून मथुरेचा आवाज आला, धारदार. "भावोजी, माका कोणाची दया नको. माझी चूक आसली तर माझी म्हणा. नाय तर काय झाला ता सगळा सांगा."

सगळा. लवूचे दंड दुखायला लागले होते. अर्ध्या खरेपणावर सुटता आलं असतं, उलट देव्हाऱ्यात बसता आलं असतं. पण पायरीवर बसलेल्या बाईची तीन वर्षं त्या अर्ध्यातच अडकली होती.

"म्हाराजा," तो म्हणाला, आणि आता आवाज नेहमीचा राहिला नाही. "सुंभ मी इसरलंय नव्हतंय. पट्टो मोजताना माझी काठी तेका लागली. मी वर बघलंय. हो सोडूक व्हयो, ह्या माका कळला. माका चढाचो कंटाळो इलो."

पण त्याचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

"तेचो राग मी मथुरेर काढलंय. तिचो पट्टो वीतभर कमी होतो, मी दोन हात सांगलंय. तो तिना बारा हात केल्यान, मी मोजूक परत गेलंय नाय. आग गेल्यार दुसऱ्या दिसाक सुंभाची राख पट्ट्यार पडली होती. ती मी ह्या पायान पुसलंय. कोणाक दिसा नये म्हणान."

 गाऱ्हाण्याचं वाक्य पुरं झालं होतं. आता वाडीने म्हणायचं होतं.  शिवा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. लवूदादाच्या तोंडावर "व्हय" म्हणायचं म्हणजे तो खोटा होता हे देवासमोर कबूल करायचं, आणि आजपर्यंत ज्याच्या काठीवर विसंबून सगळे निवांत झोपले, त्या काठीवरचा भरवसा सोडायचा. ते कोणाला जमेना. लवू नारळ उचलून उभा होता.  हात खाली घेता येत नव्हते. एवढं बोलूनही काही हललं नाही, असं त्याला वाटलं, आणि तो इतका थकला की नारळ कोणत्याही क्षणी हातातून सुटेल अशी त्याला भीती वाटली.

"व्हय म्हाराजा."

आवाज पायरीवरून आला. मथुरा उठून उभी राहिली होती. आवाजात रडणं नव्हतं, माया नव्हती, लवूला माफ केल्याचा तर मागमूसही नव्हता. सगळ्यांनी वळून बघितलं तेव्हा ती महादूकडे बघत होती.

"म्हणा आता सगळे," ती म्हणाली. "मोठ्यान म्हणा. माझ्यो काजी गेल्यो, माका आयकाचा आसा. आणि वायच बेगीन, म्हातारो हात वर करून उभो आसा."

आधी शिवा म्हणाला, हळूच. मग म्हातारे. सगळ्यांत शेवटी महादू. पहिल्यांदा आवाज फुटका आला तेव्हा मथुरा जागची हलली नाही, म्हणून त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. तेव्हा अकराही घरं एका आवाजात म्हणाली, लवूने नारळ देवापुढे ठेवला, आणि मथुरा पदर सावरून घरी निघाली.